सुतकाचा रकाना

कामादा ईसाकु यांनी तेहेतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली आणि तेवढ्या वर्षांत स्टिअरिंगला क्वचितच हात लावला. शिकणारा उजवीकडे बसायचा, हे डावीकडे, आणि यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक. एवढंच त्यांचं राज्य. जपानातल्या योकोते गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच गाडी शिकवली आहे: दंतवैद्याला, भाताच्या गिरणीवाल्याला, देवळातल्या पुजाऱ्याला आणि पुजाऱ्याच्या सुनेला. म्हणून गावात त्यांना कामादा-सान कुणी म्हणत नाही. सगळे मास्तरच म्हणतात.

निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण पायाची सवय काही गेली नाही. मोतीबिंदूमुळे आता गाडी त्यांच्या पत्नी तोमोएबाई चालवतात आणि मास्तर शेजारी बसून प्रत्येक वळणावर जमिनीवर पाय दाबतात. "दाबा, अजून जोरात दाबा. एक दिवस पत्रा फुटेल आणि तुम्ही खालून पळत याल," असं बाई म्हणतात. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करतात. रेल्वेचं फाटक आलं की मात्र तेच हात लांब करून बाईंच्या बाजूची काच खाली करायला लावतात, कारण गाडी दिसण्याआधी ऐकू येते. दिवसातून चार गाड्या जातात त्या रुळांवरून. तरीही.

अशा माणसाला कॉम्प्युटरने घाई करावी, हे मुळातच जमणारं नव्हतं. उन्हाळ्यापासून पडद्यावर एक सूचना येत होती: चौदा ऑक्टोबरनंतर या प्रणालीची सुरक्षा बंद होईल, नव्या प्रणालीवर जा, फुकट आहे. खाली दोन बटणं, 'आता' आणि 'नंतर'. मास्तर रोज सकाळी चहा घेऊन बसत, सूचना शेवटपर्यंत वाचत आणि 'नंतर' दाबत. रोज तीच सूचना ते रोज तितक्याच गंभीरपणे वाचत, याची तोमोएबाईंना फार गंमत वाटे.

बाईंना अपग्रेड हवं होतं. बँकेचे व्यवहार त्याच कॉम्प्युटरवर होते, सेंदाईच्या नातीचं तोंड रविवारी त्याच पडद्यावर दिसायचं, आणि टीव्हीवर रोज कुणीतरी येऊन सांगत होतं की चोर आता दारातून येत नाहीत. मुलगीही फोनवर तेच घोकत होती. मास्तर उत्तरं देत, पण प्रत्येक वेळी वेगळं. एकदा म्हणाले मशीन जुनं आहे, झेपणार नाही. एकदा म्हणाले प्रिंटर चालणार नाही. एकदा तर म्हणाले की नव्या प्रणालीत बटणं मधोमध असतात आणि त्यांना कोपऱ्यातली आवडतात. हे ऐकल्यावर तोमोएबाईंच्या मनात पाल चुकचुकली. बटणांवर प्रेम करणारा हा माणूस नव्हे. पण खरं कारण त्यांना कळलं नाही, कारण मास्तरांनी ते वीस वर्षं कुणालाच कळू दिलं नव्हतं.

कारण नववर्षाच्या कार्डांच्या प्रोग्रामात होतं. मास्तरांनी तो दोन हजार तीन साली विकत घेतला होता, चकतीवर. त्यात नावं, पत्ते, कुणाचं कार्ड आलं, कुणाचं नाही. त्यांचा नियम कडक होता: दोन वर्षं ज्याच्याकडून कार्ड आलं नाही, त्याचं नाव यादीतून बाद. शिवाय एक चौकट होती, सुतकाची. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथून नोव्हेंबर-डिसेंबरात करड्या रंगाचं कार्ड येतं की आम्ही सुतकात आहोत, यंदा शुभेच्छांची देवाणघेवाण नको. मास्तर त्या चौकटीत खूण करत, नाव करडं होई, आणि त्या घराचं कार्ड छापलंच जात नसे. सुतकाच्या घरी 'नव्या वर्षाचं अभिनंदन' असं कार्ड जाऊन पडणं याहून मोठा ओशाळवाणा प्रकार आमच्याकडे नाही. अशा घरांना जानेवारीची सात तारीख उलटल्यावर थंडीची विचारपूस करणारं साधं कार्ड जातं. मग मास्तर खूण काढत आणि नाव पुन्हा काळं होई.

एक नाव सोडून. यादीत सत्तेचाळिसाव्या ओळीवर कुरिहारा शिगेनो हे नाव वीस वर्षं करडं होतं. त्या घराकडून कधी कार्ड आलं नव्हतं, म्हणजे मास्तरांच्या नियमाने ते अठरा वर्षांपूर्वीच बाद व्हायला हवं होतं. पण ते तसंच होतं, आणि दर आठ जानेवारीला मास्तर तिथे थंडीचं कार्ड पाठवत. चार-पाच सुतकवाली घरं दर वर्षी असतातच, त्यात हे एक कुणाच्या लक्षात येत नसे.

कुरिहाराबाईंचा मुलगा ताकुतो दोन हजार चारच्या उन्हाळ्यात गाडी शिकायला येत होता. एकोणीस वर्षांचा, डोंगरापलीकडच्या गावातला. बोलायचा कमी, पण आरशात न बघता चाक म्हणून वळवायचा नाही. मास्तरांना तो आवडायचा. पुलावरचा बर्फ रस्त्यावरच्या बर्फासारखा दिसत नाही, ओल्या डांबरासारखा दिसतो, हे मास्तरांनी त्याला सांगितलं होतं. पण सांगितलं ऑगस्टमध्ये, बाहेर रातकिडे ओरडत असताना, आणि ऑगस्टमध्ये सांगितलेला बर्फ कुणाच्या लक्षात राहतो? सत्तावीस डिसेंबरला पुलावर गाडी घसरून तो गेला. मास्तरांना हे जानेवारीच्या मध्यावर कळलं. त्याआधी, चोवीस डिसेंबरला, त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांबरोबर त्यालाही कार्ड टाकलं होतं. पंचवीसच्या आत टाकलेलं कार्ड एक तारखेच्या सकाळी घरोघर पोचतं, यात टपालखातं सहसा चुकत नाही. छापील अभिनंदनाखाली मास्तरांनी हाताने एक ओळ लिहिली होती: यंदा गाडी घेऊन लांब जा.

मास्तरांनी माफीचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या डिसेंबरात त्या घराला पुन्हा अभिनंदन पाठवायला त्यांचा हात धजला नाही, म्हणून ताकुतोच्या जागी त्याच्या आईचं नाव घातलं आणि सुतकाची खूण केली. ती काढायची कधी, हे त्यांना ठरवता आलं नाही. एक वर्ष झालं की सुतक फिटतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते फिटलं असं आपण कोण सांगणार, असं त्यांना वाटे, आणि ती खूण वर्षानुवर्षं तिथेच राहिली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तोमोएबाईंनी परस्पर मोगामीला बोलावलं. मोगामीचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, आणि तोही अर्थातच मास्तरांकडे गाडी शिकलेला. त्याने मशीन उघडलं, काहीतरी तपासलं आणि सांगितलं की नियमात जेमतेम बसतंय, पण बसतंय.

"घोडं अडतंय ते या कार्डांच्या प्रोग्रामपाशी, मास्तर," तो म्हणाला. "हा फार म्हातारा झाला. नव्यात उघडायचा नाही. मी दुसरा घालून देतो. नावं-पत्ते सगळे येतील."

"आणि खुणा?"

"खुणा कुठल्या? सुतकाच्या? त्या नाही येणार. पण त्या काय, दर वर्षी नव्याच करायच्या असतात की." बोलता बोलता मोगामी यादी खाली सरकवत होता. सत्तेचाळिसाव्या ओळीपाशी तो थांबला. "हे एक करडं राहिलंय. गेल्या वर्षीचं पुसायचं विसरलात वाटतं. पुसू?"

तोमोएबाई स्वयंपाकघरात चहासोबत धुरी दिलेल्या मुळ्याच्या चकत्या कापत होत्या. सुरीचा आवाज येत होता.

"राहू दे," मास्तर म्हणाले.

मोगामीने खांदे उडवले. एक वर्षाची मुदतवाढ मिळते, तीही घेता येईल, असं त्याने सांगितलं, आणि मास्तरांचा चेहरा उजळला. तेवढ्यात बाई ताट घेऊन आल्या. "पुढच्या ऑक्टोबरात हे काय तरुण होणार आहेत? डिसेंबरात डोळ्याचं ऑपरेशन आहे. मग त्याचीही मुदत वाढवून मागतील." मोगामी हसला. मास्तरांनी मुळ्याची चकती तोंडात टाकली आणि ती बराच वेळ चावत राहिले.

त्या आठवड्यात मास्तर नीट जेवले नाहीत. नवं मशीन, नवी बटणं, चोर, बँक यांतलं काहीच त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की ते करडेपण जाईल आणि कुरिहारा हे नाव दंतवैद्यासारखं आणि गिरणीवाल्यासारखं काळं होऊन यादीत बसेल. त्या घराचं सुतक जगात फक्त दोन ठिकाणी नोंदलेलं होतं, त्या मशीनमध्ये आणि मास्तरांच्या डोक्यात. मशीन विसरलं तर राहिलं डोकं, आणि ते त्र्याहत्तर वर्षांचं होतं. त्या दारात पुन्हा तसलं कार्ड पडलं तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

तेरा तारखेला दुपारी तोमोएबाई बाहेर गेल्या असताना मास्तरांनी वही काढली. सगळ्या खुणा हाताने उतरवून घ्यायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. ऑक्टोबर होता, नवी सुतकाची कार्डं यायची होती, जुन्या खुणा काढलेल्या होत्या. उतरवण्यासारखं एकच नाव निघालं. मास्तरांनी पेन्सिल धरली, कोऱ्या पानाकडे पाहिलं आणि वही मिटली. हे एक नाव विसरू नये म्हणून आपण कागदावर लिहिणार होतो, याचं त्यांना हसू आलं. मग त्यांनी मागे पाहिलं, खिडकीतून बाहेर डावीकडे-उजवीकडे पाहिलं, ही त्यांची कुठलीही गोष्ट सुरू करण्याआधीची सवय, आणि 'आता' दाबलं. टेबलाखाली उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता. सव्वा तास लागला. मास्तर सव्वा तास तसेच बसून होते.

मोगामीने दुसऱ्या दिवशी नवा प्रोग्राम घातला. सत्तेचाळिसावी ओळ काळी होती.

नोव्हेंबर संपेपर्यंत सुतकाची पाच कार्डं आली. तोमोएबाईंनी ती नेहमीप्रमाणे बिस्किटांच्या डब्यात ठेवली. मास्तरांनी त्या पाच घरांच्या आणि सहाव्या कुरिहारांच्या ओळीवर खूण केली. इथे चूक झाली. जुन्या प्रोग्रामात सुतकाची एकच चौकट होती. नव्यात दर वर्षाचा वेगळा रकाना. मास्तरांनी सरळ विचार केला: माणसं पंचवीस साली गेली, कार्डं पंचवीस साली आली, तर खूण पंचवीसच्या रकान्यात. पण रकाना होता तो ज्या वर्षाच्या शुभेच्छा छापायच्या त्या वर्षाचा, म्हणजे सव्वीसचा हवा होता. नावं करडी झाली नाहीत. मास्तरांना वाटलं, नव्याची रीतच तशी असेल, आणि त्यांनी एकदा खुणांवरून बोट फिरवून प्रोग्राम बंद केला.

सोळा डिसेंबरला डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाकायचं नाही, बर्फ तर बिलकुल काढायचा नाही. डॉक्टरांनी हे आठवडाभर सांगितलं होतं, तोमोएबाईंनी त्याचे पंधरा दिवस केले. मास्तर डोळ्यावर झाकण लावून कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबेत पाय घालून पडले आणि यंदाची कार्डं बाईंनी केली. छापली, वाळवली, प्रत्येकावर हाताने एक ओळ लिहिली आणि चोवीस तारखेला पेटीत टाकून आल्या.

"सुतकाची वगळलीस ना?" मास्तरांनी विचारलं.

"सगळी वगळली," बाई म्हणाल्या. मास्तरांना बरं वाटलं आणि ते झोपले.

एक जानेवारीला सकाळी कार्डांचा गठ्ठा आला. झाकण निघालं होतं. नव्या डोळ्याने मास्तरांना सगळं इतकं लख्ख दिसत होतं की भिंतीला रंग द्यायला झालाय, असं त्यांनी सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. तांदळाच्या वड्यांचं सूप पुढे घेऊन ते एकेक कार्ड वाचत होते. बाई मजेत होत्या.

"तो तुमचा नवा प्रोग्राम काही कामाचा नाही बरं का," त्या म्हणाल्या. "सुतकवाल्यांचीही कार्डं छापून मोकळा झाला. माझा डबा होता म्हणून वाचलो. डब्यातली कार्डं घेऊन बसले आणि त्यांची एकेक बाजूला काढली."

मास्तरांच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. "किती काढलीस?"

"पाच. पाचच तर आली होती."

मास्तर उठले, कॉम्प्युटरपाशी गेले, सत्तेचाळिसावी ओळ उघडली. नव्या डोळ्याला तीही लख्ख दिसली. खूण पंचवीसच्या रकान्यात होती. सव्वीसमध्ये 'पाठवलं' असं लिहिलेलं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजले होते. डोंगरापलीकडे टपाल नवाच्या आत पोचतं.

मग त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांचा मुलगा, पूल, ऑगस्टमधला बर्फ, यंदा लांब जा. सांगताना ते पडद्याकडेच पाहत होते. सूप निवलं.

"म्हणजे वीस वर्षं हे तुम्ही या डबड्याला सांगितलंत," तोमोएबाई शेवटी म्हणाल्या, "आणि मला नाही."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

"एक कार्ड बाजूला काढण्यासारखं होतं."

मास्तरांनी विचारलं की सगळ्यांना हाताने काय लिहिलं होतंस. बाईंनी जरा आठवून सांगितलं. सगळ्यांना एकच लिहिलं होतं, एकशे अठरा वेगळ्या ओळी कुठून आणणार? यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता बरे आहेत, इकडे आलात तर जेवायला या.

"जेवायला," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांना लाज वाटत होती, तीच, वीस वर्षांपूर्वीची, जराही न विटलेली. बाईंनी सूप परत गरम केलं. ते कुणी खाल्लं नाही.

पुढचे पाच दिवस घरात पाहुणे आले, मुलगी आणि नात येऊन गेल्या. मास्तर सगळ्यांशी नीट बोलले. माफीचं पत्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, शाईने. ते लगेच टाकू की स्वतः जाऊ, असं ते बाईंना दिवसातून दोनदा विचारत. नववर्षाच्या सणात कुणाच्या दारात माफी मागायला जायचं नसतं, आठ तारखेपर्यंत थांबा, असं बाईंनी बजावलं होतं. राग त्यांचा गेला नव्हता. पण मास्तर रात्री कूस बदलत असले की त्या जाग्या आहेत हे त्यांना कळत असे, आणि त्याने थोडं हलकं वाटे.

सहा तारखेला टपालवाला तीन कार्डं देऊन गेला. ज्यांना आपण पाठवलं नव्हतं त्यांचं कार्ड आलं की सात तारखेच्या आत त्याला उत्तर धाडायचं असतं, म्हणून त्या दिवसांत अशी उशिराची कार्डं येतातच. पहिलं कार्ड चपलांच्या दुकानाचं होतं, दुसरं मास्तरांच्या चुलतभावाचं. तिसरं हाताने लिहिलेलं होतं. मागच्या बाजूला कडेकडेपर्यंत बारीक अक्षर भरलेलं. पाठवणाऱ्याचं नाव वाचून मास्तरांनी ते बाईंकडे दिलं. "तू वाच," ते म्हणाले. बाईंनी चष्मा लावला.

"नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तुमचं कार्ड एक तारखेला आलं. आधी वाटलं, टपालवाला चुकला. नाव दोनदा वाचलं, माझंच होतं. दर जानेवारीत तुमचं थंडीचं कार्ड येतं ते मी ताकुतोच्या फोटोपुढे ठेवते. इतकी वर्षं त्याला काय उत्तर लिहावं ते मला सुचलं नाही, त्याबद्दल क्षमा असावी. तुमचं कार्ड आलं की आमच्या घरात अजून सुतक आहे असं वाटायचं. गावातल्या लोकांनी तर तेव्हापासूनच शुभेच्छा पाठवायच्या बंद केल्या, चांगल्या मनानेच केल्या असतील. यंदाचं कार्ड मी फोटोपुढे ठेवलं नाही, जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तिथे आणखी दोन होती, चष्मेवाल्याचं आणि भाचीचं. डोळा आता कसा आहे? माझाही झाला दोन वर्षांपूर्वी. महिनाभर वाकून बर्फ काढू नका, सगळे काढतात आणि मग त्रास होतो. जेवायला बोलावलंत. बर्फ वितळला की येईन. बस बुधवारी आणि शनिवारी असते."

तोमोएबाईंनी चष्मा काढून पुसला. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मास्तर म्हणाले, "बसने कशाला. आपण आणायला जाऊ."

"गाडी मी चालवीन."

"चालव."

"आणि पुलावर पाय दाबायचा नाही."

"पुलावर दाबीन," मास्तर म्हणाले.

शाईने लिहिलेलं माफीचं पत्र त्यांनी खणातून काढून बाईंना दिलं, आणि बाईंनी न वाचता त्याचे दोन तुकडे केले. कुरिहाराबाईंचं कार्ड मास्तरांनी चपलांच्या दुकानाच्या आणि चुलतभावाच्या कार्डांमध्ये ठेवून गठ्ठ्याला रबर लावलं. मग कॉम्प्युटर सुरू केला. सत्तेचाळिसाव्या ओळीवर 'आलं' या रकान्यात खूण केली आणि सुतकाच्या रकान्यातली, पंचवीस सालात चुकून पडलेली, पुसून टाकली. प्रोग्राम बंद करताना त्याने विचारलं की बदल जपून ठेवायचे का. खाली दोन बटणं होती. मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही, खिडकीतून बाहेरही पाहिलं नाही. 'हो' दाबलं आणि बर्फ काढायचं फावडं मागायला बाईंकडे गेले, तर त्यांनी दिलं नाही.